शत्रूच्या परवानगीने आलेलं पीठ

अमेरिकेत आयोवा राज्यातलं वेस्ट ब्रँच हे हर्बर्ट हूवर यांचं जन्मगाव. हूवर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणून गावात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे आणि त्या संग्रहालयात पिठाची रिकामी पोती जपून ठेवली आहेत. पांढऱ्या सुती कापडाची ही पोती. त्यांवर गिरणीचं नाव, गावाचं नाव, पिठाचं वजन असा ठसठशीत छाप. पण कुणीतरी बसून त्या छापील अक्षरांच्या कडेकडेने रंगीत दोरा फिरवला आहे, मोकळ्या जागेत काळ्या, पिवळ्या, तांबड्या धाग्यांनी बेल्जियमचा झेंडा भरला आहे, कुठे सिंह, कुठे फुलांची वेल आणि खाली फ्रेंचमध्ये ‘मेर्सी’, म्हणजे आभार. टाके बारीक आणि एकसारखे. भरणाऱ्या बाईला वेळेची कमतरता नव्हती, हे पाहताक्षणी कळतं. १९१५ साली बेल्जियममध्ये फार थोड्यांना काम होतं.

ही पोती शोभेसाठी जपली गेली असं नाही. सुती कापडापासून स्फोटकं करता येतात आणि जर्मनीला कापसाची चणचण होती. पीठ बेल्जियमला पोचलं आणि रिकामी पोती जर्मनांच्या हाती पडली, तर इंग्रज पुढचं जहाज अडवणार हे उघड होतं. त्यामुळे पीठ मोजावं तशीच पोतीही मोजली जात. रिकामी झालेली पोती शिवणवर्गांना, मठांतल्या जोगिणींना, बायकांच्या उद्योगगृहांना मिळत. तिथे त्यांचे अॅप्रन झाले, उशांचे अभ्रे झाले, पोरांचे सदरे झाले आणि काहींवर भरतकाम होऊन ती पुन्हा समुद्रापार गेली. युद्धात सापडलेल्या देशाला बाहेरून मदत पोचवण्याचा धंदा किती किचकट असतो, ते या एका पोत्यावरून कळावं.

४ ऑगस्ट १९१४ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. देश आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढा, पण वस्ती पाऊणशे लाखांच्या आसपास. कोळसा, पोलाद, काच, सूत यांच्या कारखान्यांनी गजबजलेला. शेती चांगली, पण एवढ्या तोंडांना पुरणारी नव्हे. धान्याचा बराच मोठा हिस्सा बोटीने बाहेरून यायचा. दिनां या गावात एका दिवसात शेकडो नागरिकांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, लूव्हेंच्या विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं, या बातम्या जगभर गेल्या. भुकेची बातमी मात्र उशिरा गेली. सप्टेंबर उजाडेपर्यंत ब्रसेल्सच्या गोदामांचा तळ दिसू लागला होता.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. इंग्रजांनी समुद्र अडवला होता. त्यांचं म्हणणं, ज्याने मुलूख घेतला त्याने रयत पोसावी, कायदाही तेच सांगतो. जर्मनांचं म्हणणं, आमच्याच लोकांना पुरत नाही, इंग्रजांनी नाकेबंदी उठवावी. दोघांचंही बोलणं आपापल्या जागी तर्काला धरून होतं, आणि त्या दोन तर्कांच्या मध्ये पाऊणशे लाख माणसं हिवाळ्याची वाट पाहत होती.

वाट काढली ती एका सावकारी बाण्याच्या माणसाने आणि एका खाणवाल्याने. एमिल फ्रांकी हा ब्रसेल्सच्या ‘सोसिएते जेनेराल’ या सर्वांत मोठ्या पेढीचा संचालक. जर्मन आले तेव्हा त्याने आणि रसायन उद्योगातल्या अर्नेस्ट सॉल्वे यांनी मदत आणि अन्नपुरवठ्याची राष्ट्रीय समिती उभी केली. सॉल्वे अध्यक्ष, कारभार फ्रांकीचा. दुसरा हूवर. चाळिशीला टेकलेला, लहानपणीच आईबाप गेलेला, ऑस्ट्रेलिया-चीनच्या खाणींत पैसा केलेला अमेरिकन अभियंता. तो लंडनमध्ये होता आणि युद्धामुळे युरोपात अडकलेल्या आपल्या देशबांधवांना घरी पाठवण्याचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. ते काम संपतंय तोवर ब्रसेल्सहून धान्य मागणारी माणसं त्याच्या दाराशी आली. २२ ऑक्टोबर १९१४ला लंडनमध्ये ‘कमिशन फॉर रिलीफ इन बेल्जियम’ सुरू झालं. हूवरने पगार घेतला नाही.

गंमत अशी की हूवर आणि फ्रांकी हे दोघे जुने वैरी. तेरा-चौदा वर्षांपूर्वी चीनमधल्या काइपिंगच्या कोळसा खाणींवरून त्यांचं चांगलंच वाजलं होतं आणि दोघांच्याही मनातून ते गेलं नव्हतं. तरी चार वर्षं दोघांनी एकत्र गाडा ओढला. भांडले, रुसले, अधिकारांवरून एकमेकांवर डोळे वटारले, पण पीठ थांबलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बेल्जियमच्या हालांची कहाणी सांगणारे ती बहुधा गाळतात. फ्रांकी तरुणपणी बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या चाकरीत काँगोत होता. त्याच काँगोत रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले आणि जगभर बोभाटा झाल्यावर १९०८मध्ये तो मुलूख राजाकडून काढून देशाच्या ताब्यात दिला गेला. सहा वर्षांनी त्याच देशासाठी जगाने झोळी फिरवली. कमिशनची ब्रसेल्समधली कचेरी ‘रू दे कोलोनी’ या रस्त्यावर होती. नावाचा अर्थ वसाहतींचा रस्ता. म्हणून बेल्जियमच्या पोरांची भूक खोटी ठरत नाही. पण जगाला कणव कुणाची येते आणि कुणाची येत नाही, याचा हिशेबही तेव्हाच लिहिला गेला असता तर बरं झालं असतं.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

सुरुवातीला वर्गण्यांचा पूर आला. मिनियापोलिसमधून निघणाऱ्या पीठ गिरण्यांच्या एका व्यापारी साप्ताहिकाने गिरणीवाल्यांना हाक दिली आणि त्यांनी जहाजभर पीठ फुकट दिलं. शाळकरी पोरांनी पैसे जमवले, गावोगावच्या बायकांनी कपडे धाडले. वर्तमानपत्रांत याचीच छायाचित्रं झळकत. पण हूवर खाणवाला होता, आकडेमोड त्याच्या बोटांवर होती. त्याने पहिल्या महिन्यांतच ओळखलं की वर्गणीवर एवढा देश पोसला जात नाही. कमिशनच्या पूर्ण कारकिर्दीत सुमारे ९० कोटी डॉलर खर्ची पडले. त्यांत लोकांनी दिलेल्या देणग्या पाच कोटींच्या थोड्या वर, म्हणजे शंभरातले जेमतेम सहा. बाकीचा पैसा सरकारांचा. आधी इंग्लंड आणि फ्रान्सचा, १९१७पासून अमेरिकेच्या खजिन्यातून आलेल्या कर्जाचा.

हा सरकारी पैसा सहज आला नाही. लंडनमध्ये लष्करी मंडळी सरळ विरोधात होती. किचनेर, चर्चिल यांचं मत असं की बेल्जियमला पाठवलेला प्रत्येक पाव जर्मनांचा भार हलका करतो. आपण चारायचं आणि त्यांनी लुटायचं, हे कुठलं युद्ध? अर्थमंत्री लॉइड जॉर्जसुद्धा सुरुवातीला याच बाजूचे. जानेवारी १९१५मध्ये हूवरने त्यांची भेट घेऊन आपली बाजू मांडली आणि ते वळले. नंतर दरमहा ठरावीक रक्कम येऊ लागली. कागदावर ही रक्कम बेल्जियमच्या परागंदा सरकारला दिलेलं कर्ज होतं. ते सरकार तेव्हा फ्रान्समधल्या ल आव्र बंदरात बसलं होतं. पण माझ्या मते पुढचं सगळं उभं राहिलं ते देणगीदारांच्या चेहऱ्यावर. सहा टक्के दानामुळे बाकीच्या चौऱ्याण्णव टक्क्यांवर दयेचा शिक्का बसला. नुसतंच ‘इंग्रजांचं कर्ज’ म्हटलं असतं, तर जर्मनांनी एकही बोट आत सोडली नसती.

पैसा आत कसा जायचा, हा आणखी वेगळा प्रश्न. इंग्रज नाणं शत्रूच्या मुलखात जाऊ देत नव्हते आणि बेल्जियमचे फ्रँक बाहेर पडू शकत नव्हते. यावर जो तोडगा निघाला तो आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पेढीवाल्याला समजावून सांगावा लागला नसता. ती हुंडीच होती. लंडनमध्ये पौंड जमा होत, त्यांतून गहू विकत घेतला जाई. गहू बेल्जियमला पोचला की ज्यांची ऐपत होती त्यांना पाव पैसे घेऊन विकला जाई. अशा रीतीने ब्रसेल्समध्ये फ्रँक साठत. तिकडे ल आव्रच्या सरकारला आपल्या मागे राहिलेल्या शिक्षकांचे, कारकुनांचे पगार द्यायचे होते. परदेशी गेलेल्या लोकांना घरच्यांना पैसे पाठवायचे होते. ते लंडनमध्ये पौंड भरत आणि ब्रसेल्समध्ये साठलेल्या फ्रँकमधून पगार, मनीऑर्डरी चुकत्या होत. एक दमडीही सरहद्द ओलांडत नव्हती. ज्याची ऐपत होती तो पावाची किंमत देई आणि त्यातून उरलेलं उपाशी माणसाच्या वाटीत पडे. हिशेबात या दोन बाजू वेगळ्या होत्या, एक पुरवठ्याची, दुसरी साहाय्याची.

गहू अमेरिकेतून, अर्जेंटिनाहून रोटरडॅमला यायचा. हॉलंड तटस्थ होतं. जहाजांच्या दोन्ही अंगांना कमिशनचं नाव दुरूनही वाचता यावं अशा मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असे. तरी १० एप्रिल १९१५ला धान्य उतरवून परत निघालेलं ‘हार्पालिस’ जर्मन पाणबुडीने बुडवलं. रोटरडॅमला धान्य पडावांत भरलं जाई, पडाव कालव्यांतून आत येत, प्रांताच्या गोदामात माल उतरे, तिथून गिरणीत, गिरणीतून गावाच्या कोठारात, कोठारातून भट्टीवाल्याकडे. जर्मन गव्हर्नर जनरल फॉन डेर गोल्ट्झने ऑक्टोबर १९१४मध्येच लेखी हमी दिली होती की या धान्याला फौज हात लावणार नाही. हमी पाळली जाते की नाही हे बघायला तरुण अमेरिकन प्रतिनिधी ठेवले होते. पहिली तुकडी ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारकांची. डिसेंबर १९१४मध्ये पुस्तकं गुंडाळून ही पोरं ब्रसेल्सला आली. मोटारीने हिंडत, कोठारं तपासत, जर्मन अधिकाऱ्यांसमोर मत व्यक्त करायचं नाही अशी त्यांना सक्त ताकीद. वाटपाचं काम त्यांचं नव्हतंच. ते होतं गावांचं.

बेल्जियममध्ये अडीच हजारांहून जास्त ‘कम्यून’, म्हणजे नगरपालिका आणि ग्रामपंचायती. राजा युद्धभूमीवर, सरकार परदेशात, राज्य शत्रूचं. जागेवर राहिले होते ते गावचे बर्गमास्टर. आपल्या भाषेत नगराध्यक्ष किंवा पाटील म्हणा. प्रत्येक कम्यूनची समिती झाली. त्यात पाद्री होता, डॉक्टर होता, शाळामास्तर होता. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे कॅथलिक, उदारमतवादी आणि समाजवादीही होते. घरोघरची तोंडं मोजून रेशनकार्डं निघाली. माणशी रोज पाव किलोच्या आसपास पीठ. ते आपल्याकडच्या माणसाला फार कमी वाटणार नाही, पण पावाखेरीज ताटात दुसरं फारसं नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. भट्टीवाल्याला त्याच्या गिऱ्हाइकांच्या संख्येइतकंच पीठ आणि त्या पिठातून ठरलेल्या वजनाचे ठरलेले पाव. वजनात मारलं की पीठ बंद.

सूपच्या रांगा लागल्या. दुपारी भांडी घेऊन बायका उभ्या राहत. पण रांगेत उभं राहण्याला प्राण गेला तरी तयार नसणारा एक वर्ग होता: शिक्षिका, वकील, पेन्शनर, बंद पडलेल्या दुकानांचे मालक. पांढरपेशे. त्यांच्यासाठी ब्रसेल्समध्ये वेगळी सोय निघाली, तिचं नाव ‘आसिस्तांस दिस्क्रेत’, म्हणजे गुपचूप मदत. समितीची माणसं कुणाच्या डोळ्यावर न येता घरी जात, पाकीट ठेवत. फाईलवर नावाऐवजी नंबर. उपासमारीतही लोकांना लाज वाटते आणि ती लाज सांभाळणं हेही मदतीचंच काम आहे, हे त्या समितीला कळलं होतं.

मुलांसाठी ‘पेतित्झाबेय’ (इवल्या मधमाश्या) नावाची बायकांची संस्था ब्रसेल्सच्या वस्त्यांवस्त्यांत खानावळी चालवत होती. पोरांची वजनं घेतली जात, डॉक्टर सांगेल त्याप्रमाणे आहार. पुढे शाळांतून दुपारचं खाणं सुरू झालं. आपल्याकडच्या मध्यान्ह भोजनाची आठवण यावी, असंच ते होतं.

लेस विणणाऱ्या बायकांचा किस्सा तर कादंबरीत शोभावा. फ्लँडर्समध्ये हजारो बायकांचं पोट या कामावर होतं आणि दोरा बाहेरून यायचा. नाकेबंदीत दोरा बंद. कमिशनने इंग्रजांशी घासाघीस केली: जितका दोरा आत, तितकी लेस बाहेर, एक गुंडीही जर्मनांकडे जाणार नाही. परवानगी मिळाली. मग बायकांनी लेसमध्ये मित्रराष्ट्रांची चिन्हं विणायला सुरुवात केली. कोंबडा फ्रान्सचा, सिंह बेल्जियमचा, गरुड अमेरिकेचा. जर्मन पहारेकऱ्याच्या नाकासमोर, कायदेशीर परवान्याखाली.

हे सगळं चालू असताना जर्मनांचा हात दुसऱ्या खिशात होताच. डिसेंबर १९१४पासून त्यांनी बेल्जियमच्या प्रांतांवर दरमहा चार कोटी फ्रँकची खंडणी बसवली, पुढे ती वाढवून पाच कोटी केली. लंडनमधले टीकाकार म्हणत, इकडून आपण भरायचं, तिकडून त्यांनी काढायचं. हे निखालस खोटं नव्हतं. देशातलं पीक, गुरं, यंत्रं, तांबं जर्मनीला जात होतं, चोरटा व्यापार होता, आणि नुसत्या मदतीने जर्मनांची डोकेदुखी कमी झाली हेही खरं. हूवरचं उत्तर हिशेबाच्या वह्या. लंडनच्या नामांकित तपासनिसांकडून पै-पै तपासलेले ताळेबंद आणि व्यवस्थापनावरचा खर्च शेकडा एकाहूनही कमी. दोन्ही बाजूंच्या हेर खात्यांचे लोक या संस्थेकडे संशयाने बघत होते. दोघांचाही संशय सारखाच असल्यामुळे ती टिकली, असं मला वाटतं.

या मदतीचं सगळ्यांत महत्त्वाचं फळ आकड्यांत नाही. बेल्जियन कामगारांनी जर्मनांसाठी काम करायला नकार दिला. रेल्वेवाल्यांनी, कारखान्यांतल्यांनी. घरात पाव येत होता म्हणून ‘नाही’ म्हणता येत होतं. जर्मनांना हे कळत होतं आणि सलत होतं; फुकट खाऊन माणसं आळशी झाली, अशी त्यांची ओरड सुरू झाली. ऑक्टोबर १९१६मध्ये त्यांनी बेकार पुरुषांना पकडून जर्मनीत आणि आघाडीमागे कामाला नेण्याचा सपाटा लावला. त्यासाठी कम्यूनांकडे बेकारांच्या याद्या मागितल्या.

याद्या होत्या. मदत द्यायची तर याद्या लागतातच; कोण उपाशी, कोण बेकार, कुठे राहतो, घरात किती माणसं, हे सगळं गावाच्या कपाटात नीट लावून ठेवलेलं होतं. ज्या वहीवर पाव मिळत होता, तीच वही आता माणसं धरायला हवी होती. बहुतेक बर्गमास्टरांनी ती दिली नाही. गावांना दंड झाले, माणसं तुरुंगात गेली. मग जर्मनांनी सगळ्या पुरुषांना चौकात बोलावून अंदाजपंचे निवडायला सुरुवात केली, त्यात कामावर असलेलेही गेले आणि कमिशनची ओळखपत्रं दाखवणारेही गेले. सुमारे १ लाख २० हजार माणसं नेली गेली. थंडीत, मालगाडीतून. बेल्जियमचे कार्डिनल मेर्सिए यांनी जगाला उद्देशून निषेध केला, तटस्थ देशांतून ओरड झाली, तेव्हा १९१७च्या सुरुवातीला जर्मनीकडे माणसं नेणं थांबलं. परत आलेल्यांपैकी अनेकजण चालू शकत नव्हते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत जर्मनांनी पाणबुड्यांना मोकळं रान दिलं आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. अमेरिकन प्रतिनिधींना बेल्जियम सोडावं लागलं, देखरेख स्पॅनिश आणि डच मंडळींकडे आली. जहाजं बुडू लागली, धान्य आटलं. शेवटचं दीड वर्ष फार वाईट गेलं. पाव काळा झाला, क्षय वाढला. उत्तर फ्रान्सचा जर्मनांच्या ताब्यातला भागही १९१५पासून कमिशनच्याच जिवावर होता. दोन्ही मिळून नव्वद लाखांच्या वर तोंडं. तरी युद्ध थांबलं तेव्हा ती माणसं जिवंत होती. एकूण पन्नास लाख टनांवर धान्य आणि सामान आत गेलं होतं.

हूवर १९२८च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष झाले. लगेच महामंदी आली आणि बेघर अमेरिकनांनी आपल्या झोपडपट्ट्यांना त्यांचं नाव दिलं. परक्या देशाला जेवू घातलेल्या माणसाच्या नावाने घरच्या उपाशी माणसांनी शिमगा केला.

कमिशनचे व्यवहार मिटले तेव्हा हिशेबात शिल्लक निघाली. हूवर आणि फ्रांकी यांनी ती वाटून न टाकता बेल्जियमच्या विद्यापीठांना दिली आणि १९२०मध्ये शिष्यवृत्तीचं प्रतिष्ठान उभं केलं, ते अजून चालू आहे. १९२४मध्ये त्या शिष्यवृत्तीवर एक तरुण पाद्री अमेरिकेत शिकायला गेला. युद्धात तो तोफखान्यात होता. १९२७मध्ये त्याने विश्व प्रसरण पावत असल्याचं गणित मांडलं. त्याचं नाव जॉर्ज लमेत्र.